लिनक्सवरचं रॅन्समवेअर: कुलूप कसं बसतं आणि किल्ली कुठे जाते

एखाद्या शाळेचा, पतसंस्थेचा, छापखान्याचा किंवा स्वतःच्याच धंद्याचा लिनक्स सर्व्हर तुमच्या गळ्यात पडला असेल, आणि ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ या ऐकीव भरवशावर तो वर्षानुवर्षं चालू असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलंय. टर्मिनल उघडता येतं, फाईल कॉपी करता येते, एवढं पुरे. क्रिप्टोग्राफीतलं गणित आलं नाही तरी अडत नाही. पण त्यामागचा विचार कळायलाच हवा, कारण हल्ल्याच्या दिवशी कशाला हात लावायचा नाही हे त्यावरूनच ठरतं.

आधी एक खरी घटना. नोव्हेंबर २०१५ मध्ये रशियातल्या डॉक्टर वेब या अँटिव्हायरस कंपनीने ‘लिनक्स डॉट एन्कोडर डॉट १’ या नावाने एका रॅन्समवेअरची, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामची, नोंद केली. ते शिरायचं मॅजेंटो या ऑनलाइन दुकानांच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून. आत आलं की होम डिरेक्टरी, मायएसक्यूएलचा डेटा, एनजिनएक्स आणि अपाचीची सेटिंग्ज, वेबसाइटच्या फायली असं एकेक एन्क्रिप्ट करत, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं बंद करत सुटायचं, प्रत्येक फाईलच्या नावाला ‘एन्क्रिप्टेड’ असं शेपूट जोडायचं आणि चिठ्ठी ठेवायचं: एक बिटकॉइन द्या. तेव्हा त्याचा भाव चारशे डॉलरच्या आसपास होता. कागदावर कुलूप अभेद्य होतं. फायलींना १२८ बिटांचं एईएस आणि त्या एईएसच्या किल्लीवर २०४८ बिटांचं आरएसए (एन्क्रिप्शनच्या या दोन पद्धती पहिल्या पायरीत येतील). तरीही काही दिवसांतच रोमानियाच्या बिटडिफेंडर कंपनीने ते उलगडणारी पायथन स्क्रिप्ट मोफत देऊन टाकली. ना एईएस मोडलं, ना आरएसए. मग फायली परत कशा आल्या?

त्याचं उत्तर पुढे दुसऱ्या पायरीत येईल. माझं म्हणणं मात्र आत्ताच सांगून टाकतो. कुलूप नीट घडवलेलं असेल तर किल्लीशिवाय ते जगात कुणालाही उघडत नाही. उघडतं ते फक्त घडवणाऱ्याच्या चुकीमुळे. त्यामुळे तुमच्या हातात दोनच गोष्टी उरतात: हल्ल्याआधी असा बॅकअप, ज्याला तो सर्व्हर स्वतः हात लावू शकत नाही, आणि हल्ल्यानंतर त्या चुकीच्या खुणा आपल्याच हाताने न पुसणं.

पायरी १: दोन किल्ल्यांची रचना स्वतः करून बघा

सरावासाठी एक व्हर्च्युअल मशीन घ्या, त्यावर डेबियन किंवा उबुंटू टाका. खऱ्या रॅन्समवेअरचा नमुना उतरवून चालवून बघण्याच्या भानगडीत पडू नका. शिकण्यासाठी त्याची काहीच गरज नाही, आणि शेअर केलेल्या फोल्डरमधून तो तुमच्या मुख्य मशीनवर यायला वेळ लागत नाही.

एन्क्रिप्शनच्या दोन जाती आहेत. पहिलीत कुलूप लावायची आणि काढायची किल्ली एकच. एईएस, चाचा-२० ही या घराण्यातली. ती अतिशय वेगवान असतात, शेकडो जीबी सहज उरकतात. पण किल्ली मशीनवरच वापरली जात असल्याने ती तिथेच सापडण्याचा धोका असतो. १९८९ साली एड्सविषयीची माहिती म्हणून फ्लॉपीवरून टपालाने पसरवलेला खंडणीचा प्रोग्राम याच कारणाने निष्प्रभ झाला: किल्ली त्याच्याच पोटात होती.

दुसऱ्या जातीत किल्ल्या दोन असतात. पब्लिक की कुलूप लावते, प्रायव्हेट की काढते. देवळातल्या दानपेटीत कुणीही नोट टाकू शकतं, पण टाकणाऱ्यालाही ती परत काढता येत नाही. पेटी उघडते ती विश्वस्तांकडच्या किल्लीनेच. आरएसए हे या जातीचं. मात्र ते हळू असतं आणि २०४८ बिटांचं आरएसए एका वेळी अडीचशे बाइटांपेक्षाही कमी मजकूर घेतं. म्हणजे अख्खा डेटाबेस त्यात बसत नाही. एईएसची १६ किंवा ३२ बाइटांची किल्ली मात्र आरामात बसते.

म्हणून दोन्ही एकत्र वापरतात. मशीनवर एईएसची ताजी किल्ली तयार करायची, तिने फायली एन्क्रिप्ट करायच्या, मग तीच किल्ली हल्लेखोराच्या पब्लिक कीने बंद करून फाईलला चिकटवायची आणि मूळ किल्ली मेमरीतून पुसायची. हे असं होऊ शकतं याचा इशारा ॲडम यंग आणि मोती युंग या दोघा संशोधकांनी १९९६ मध्येच एका शोधनिबंधात दिला होता. बिटकॉइन यायच्या कितीतरी आधी.

आता हे डोळ्यांनी बघा. फायली एन्क्रिप्ट करणारं जीपीजी हे सज्जनांचं हत्यार नेमकी हीच रचना वापरतं. तुमच्या लॅपटॉपवर जीपीजीने किल्ल्यांची जोडी बनवा. त्यातली फक्त पब्लिक की सरावाच्या मशीनवर न्या. तिथे एक साधी मजकुराची फाईल त्या कीने एन्क्रिप्ट करा, मूळ फाईल डिलीट करा आणि मग एन्क्रिप्ट झालेली फाईल तिथेच उघडायचा प्रयत्न करा. जीपीजी सांगेल: ‘नो सिक्रेट की’. फाईल याच मशीनवर बंद झाली, तुम्हीच केली, रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्डही तुमच्याकडे आहे, आणि तरीही काही करता येत नाही. रॅन्समवेअरचा फटका बसलेल्या माणसाची अवस्था हीच असते.

आणखी थोडं खोलात बघायचं असेल तर त्याच फाईलवर जीपीजीचा ‘लिस्ट पॅकेट्स’ हा पर्याय चालवा. दोन थर वेगळे दिसतील. वर ‘पबकी’ने सुरू होणारं एक छोटं पाकीट, त्यात बंद केलेली तात्पुरती किल्ली, त्याखाली ‘एन्क्रिप्टेड डेटा’चं मोठं पाकीट, त्यात तुमचा मजकूर. लिनक्स एन्कोडरच्या फायलींचा सांगाडा याच धर्तीचा होता.

नव्या लोकांचा इथे एक हमखास गैरसमज असतो: ‘आमची डिस्क तर आधीच एन्क्रिप्टेड आहे.’ लक्सने केलेलं डिस्क एन्क्रिप्शन चोरीला गेलेल्या हार्ड डिस्कपासून वाचवतं. सर्व्हर चालू असताना ती डिस्क उघडीच असते. आत आलेल्या प्रोग्रामला ती तुमच्यासारखीच मोकळी दिसते.

पायरी २: किल्लीचा आकडा कुठून येतो ते तपासा

१२८ बिटांच्या एईएसच्या शक्य किल्ल्या ३४ वर सदतीस शून्यं, एवढ्या. सगळी मशीन्स लावली तरी त्या तपासून होणार नाहीत. पण हे खरं कधी? किल्ली खरोखर अंदाज न बांधता येणाऱ्या आकड्यांतून निघाली असेल तेव्हाच.

सरावाच्या मशीनवर पायथन उघडा. ‘रँडम’ मॉड्यूल घ्या, त्याला १४४६३३६००० हे सीड, म्हणजे ज्यापासून आकड्यांची मालिका सुरू होते तो आकडा, द्या आणि पाच यादृच्छिक आकडे मागा. पायथन बंद करा, पुन्हा उघडा, तेच सीड द्या, पुन्हा पाच आकडे मागा. तेच पाच आकडे त्याच क्रमाने येतील. दिसायला ते कसेही असोत, ते सीडमधून ठरलेले आहेत. मी दिलेलं सीड म्हणजे १ नोव्हेंबर २०१५ ची युनिक्स वेळ (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेले सेकंद), जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीची.

लिनक्स एन्कोडर लिहिणाऱ्यांनी नेमकं हेच केलं होतं. एईएसची किल्ली आणि एन्क्रिप्शन सुरू करताना किल्लीसोबत लागणारा आकडा, ज्याला आयव्ही म्हणतात, या दोन्ही गोष्टी त्यांनी सी भाषेच्या साध्या ‘रँड’ फंक्शनमधून काढल्या आणि त्याला सीड दिलं ते त्या क्षणाच्या घड्याळाचं. एन्क्रिप्ट झालेल्या फाईलवर शेवटच्या बदलाची वेळ लिनक्स आपोआप नोंदवतो. म्हणजे किल्लीचं मूळ फाईलच्या कपाळावरच लिहिलेलं होतं. बिटडिफेंडरच्या लोकांनी ती वेळ वाचली, तेच सीड घातलं, तीच किल्ली पुन्हा निघाली. आरएसएच्या भिंतीला त्यांनी हातही लावला नाही.

वेळ नेमकी माहीत नसली तरी बिघडलं नसतं. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात, अख्ख्या वर्षात सव्वातीन कोटींच्या आत. एवढी सीडं तपासायला साधा लॅपटॉप पुरतो. बरोबर सीड लागलं हे कसं ओळखायचं? पीडीएफ फाईल नेहमी टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी सुरू होते; पीएनजी चित्राचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात. पहिला तुकडा उलगडून ती खूण दिसली की किल्ली सापडली.

हल्लेखोर शिकत नाहीत असं नाही. जानेवारी २०१६ मध्ये या रॅन्समवेअरची तिसरी आवृत्ती आली, त्यात किल्ली हॅशमधून, म्हणजे आकडे घुसळून मूळ ओळखू न देणाऱ्या गणितातून, अनेकदा फिरवायचा बेत होता. पण हॅशचा अल्गोरिदम निवडायचाच राहून गेला आणि ती आवृत्तीही बिटडिफेंडरने सोडवली. पुढे २०२३ मध्ये सेंटिनेलवन या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की क्लॉप टोळीच्या लिनक्स आवृत्तीत आरसी-४ या एन्क्रिप्शन पद्धतीची मुख्य किल्ली प्रोग्राममध्येच कोरलेली होती. विंडोजवर नीट केलेलं काम लिनक्सवर आणताना त्यांनी अर्धवट सोडलं होतं.

घड्याळाची चूक तर दहा वर्षांनी पुन्हा भेटली. मार्च २०२५ मध्ये एका इंडोनेशियन प्रोग्रामरने अकिरा रॅन्समवेअरच्या लिनक्स आवृत्तीतली किल्ली शोधायची रीत प्रसिद्ध केली. अकिराचं सीडही वेळेवरूनच येत होतं, फक्त सेकंदांऐवजी नॅनोसेकंदांत, आणि चार वेगवेगळ्या क्षणांचं. एका सेकंदात शंभर कोटी नॅनोसेकंद, त्यामुळे लॅपटॉपवर हे भागणारं नव्हतं. १६ आरटीएक्स ४०९० ग्राफिक कार्डं भाड्याने घेऊन साधारण दहा तासांत ते झालं. फायलींच्या वेळा आणि यंत्रणेचे लॉग जपलेले होते, म्हणूनच शोधायची हद्द आवाक्यात आली.

यावर विसंबून मात्र राहू नका. लिनक्स कर्नल स्वतः उत्तम यादृच्छिक आकडे पुरवतो. ‘डेव्ह युरँडम’मधून ३२ बाइट वाचणारा प्रोग्राम लिहायला दोन ओळी लागतात. ज्याने त्या दोन ओळी लिहिल्या त्याचं कुलूप बंदच राहतं.

पायरी ३: दारं मोजा

जून २०१७ मध्ये दक्षिण कोरियातल्या नायाना या वेब होस्टिंग कंपनीचे १५३ लिनक्स सर्व्हर इरेबस नावाच्या रॅन्समवेअरने बंद पाडले. त्यांच्यावर ३,४०० हून अधिक ग्राहकांच्या वेबसाइट होत्या. मागणी कमी करून घेत कंपनीने शेवटी ३९७.६ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दहा लाख डॉलर, हप्त्याहप्त्याने मोजले. इरेबसमध्ये घड्याळाची चूक नव्हती. ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीच्या पाहणीत तिथला कर्नल २००८ सालचा निघाला, अपाची आणि पीएचपी २००६ सालचे. इतक्या वर्षांत सापडलेल्या त्रुटी तिथे उघड्याच असण्याची शक्यता होती.

तेव्हा आज रात्री एवढं करा. ‘एसएस’ या कमांडने कोणते पोर्ट ऐकत बसलेत ते बघा आणि प्रत्येकासमोर ‘हे कशासाठी’ असं लिहा. ज्याचं उत्तर येत नाही ते बंद करा. सुरक्षा अपडेट आपोआप बसतील असं लावा. डेबियन-उबुंटूवर ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ हे पॅकेज त्यासाठीच आहे. एसएसएचला, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या सोयीला, पासवर्डने प्रवेश बंद, फक्त किल्लीने. रूटने थेट लॉगिन बंद. डेटाबेस, नॅस (नेटवर्कवरची साठवण), जेनकिन्स (सॉफ्टवेअर बांधण्याची कामं आपोआप करणारं साधन), कुठलंही ॲडमिन पॅनेल उघड्या इंटरनेटवर नको. व्हीपीएनच्या आत घ्या.

जेनकिन्सचं नाव मुद्दाम घेतलं. ३१ जुलै २०२४ ला नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीला आपल्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं आणि देशभरातल्या सुमारे तीनशे लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले. क्लाउडसेक या भारतीय कंपनीच्या विश्लेषणानुसार सुरुवात एका सहयोगी कंपनीच्या नीट न लावलेल्या जेनकिन्स सर्व्हरपासून झाली होती आणि मागे रॅन्समएक्स ही टोळी होती, जिची लिनक्स आवृत्ती २०२० पासून माहीत आहे. हल्लेखोर जेनकिन्समधल्या ज्या त्रुटीतून शिरले, ती जानेवारी २०२४ मध्येच दुरुस्त झालेली होती.

फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखी दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. हाइव्ह टोळीने २०२१ मध्ये आणि इंटरलॉकने २०२४ मध्ये खास फ्रीबीएसडीसाठी एन्क्रिप्ट करणारे प्रोग्राम बनवले.

पायरी ४: रूट नसलं तरी नुकसान होतं

लिहायची परवानगी ज्याला आहे, त्याला एन्क्रिप्ट करायचीही आहे. वेबसाइट ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते त्याला वेबसाइटच्या सगळ्या फायली लिहिता येत असतील, तर हल्लेखोराला रूट मिळवायची गरजच पडत नाही. कोडच्या फायली दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीच्या ठेवा, वेब सर्व्हरला त्या फक्त वाचता याव्यात. लिहायला फक्त अपलोडची डिरेक्टरी. सिस्टमडीच्या सर्व्हिस फाईलमध्ये ‘प्रोटेक्टसिस्टम’ला ‘स्ट्रिक्ट’ दिलं आणि लागतील तेवढ्याच जागा मोकळ्या ठेवल्या, की एक जादा कुंपण पडतं.

‘चॅटर’ने फाईल गोठवणं, त्याच डिस्कवर बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाईल सिस्टमचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीच्या प्रती) ठेवणं हे चांगलंच आहे, जरूर करा. पण रूट मिळालेला माणूस ही दोन्ही एका कमांडीत काढून टाकतो. त्यांना बॅकअप समजू नका.

पायरी ५: सर्व्हरला न पोचणारा बॅकअप

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

नेहमीची मांडणी अशी असते: रात्री दोन वाजता क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारं काम, चालतो, आरसिंक आजच्या फायली दुसऱ्या मशीनवर पाठवतो आणि जुन्यांवर लिहितो. रात्री एकला फायली एन्क्रिप्ट झाल्या असतील, तर दोन वाजता तुमचा स्वतःचाच क्रॉन जॉब चांगला बॅकअप खराब करून टाकतो. शिवाय सर्व्हरवर बॅकअप मशीनची एसएसएच किल्ली पडलेली असते. हल्लेखोर तिच्यावरून पुढे जातो आणि तिथलंही पुसतो.

म्हणून दिशा उलटी करा. बॅकअप मशीनने सर्व्हरवर येऊन फायली ओढून न्याव्यात, सर्व्हरला बॅकअप मशीनचा पत्ताही माहीत असायची गरज नाही. हे शक्य नसेल तर सर्व्हरला ‘फक्त भर घालता येईल, पुसता येणार नाही’ एवढाच हक्क द्या. बोर्ग या बॅकअपच्या साधनात ‘अपेंड ओन्ली’ ही सोय आहे. बॅकअप मशीनवरच्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाईलमध्ये सर्व्हरच्या किल्लीपुढे बोर्गची तेवढीच एक कमांड बांधून टाकायची. रेस्टिक हे तसंच दुसरं साधन वापरत असाल तर त्याच्या रेस्ट सर्व्हरलाही असाच पर्याय आहे. भाड्याच्या क्लाउड साठवणीत ‘ऑब्जेक्ट लॉक’, म्हणजे ठरल्या मुदतीपर्यंत फाईल पुसता न येण्याची सोय, मागा.

बोर्गच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे, जी घाईत सुटते. अपेंड ओन्लीमध्ये हल्लेखोराने ‘पुस’ असं सांगितलं तर डेटा लगेच जात नाही, पण ‘पुसलं’ ही नोंद होते. पुढे तुम्ही पूर्ण हक्क असलेल्या मशीनवरून जुने बॅकअप छाटायला गेलात की ती नोंद खरी होते. म्हणून छाटणी करण्याआधी बॅकअपची यादी दर वेळी डोळ्यांखालून घाला. यादीतले जुने दिवस अचानक गायब दिसले तर तिथेच थांबा.

डेटाबेसची नुसती फाईल कॉपी करू नका. रीतसर डंप, म्हणजे डेटाबेसने स्वतः काढून दिलेली पूर्ण प्रत, घ्या, नाहीतर परत आणलेला डेटा अर्धवट असण्याची शक्यता असते. एक प्रत अशी ठेवा, जी कुठल्याही तारेला जोडलेली नाही. महिन्यातून एकदा यूएसबी डिस्क लावून, भरून, काढून कपाटात ठेवणं लहान संस्थेला परवडतं.

आणि परत आणून बघा. रिकाम्या मशीनवर, मूळ सर्व्हरची मदत न घेता. रेस्टिक आणि बोर्ग दोघेही बॅकअप एन्क्रिप्ट करतात, आणि त्यांचा पासवर्ड फक्त त्याच सर्व्हरवरच्या एका फाईलमध्ये असतो असं मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. सर्व्हर गेला की तो पासवर्डही जातो, आणि मग बॅकअप धडधाकट असूनही कायमचा बंद. तो कागदावर लिहून संस्थेच्या तिजोरीत ठेवा. बोर्गच्या काही प्रकारांत किल्लीची फाईलही वेगळी असते, तिची प्रत विसरू नका.

पायरी ६: चाहूल

एन्क्रिप्ट झालेला डेटा यादृच्छिक आकड्यांसारखा असतो. तो दाबून लहान होत नाही आणि कालच्या तुकड्यांशी जुळतही नाही. त्यामुळे बोर्ग किंवा रेस्टिकचा रोजचा बॅकअप जो एरवी काही एमबीचा असतो, तो एका रात्रीत कित्येक जीबीचा होतो. रेस्टिक शेवटी नव्या, बदललेल्या आणि न बदललेल्या फायलींची संख्या छापतो. ती ओळ रोज स्वतःला मेल करा. एखाद्या दिवशी ‘बदललेल्या’ हजारोंनी वाढल्या, तर चहा बाजूला ठेवून आधी सर्व्हर बघा.

पायरी ७: हल्ला झालाय

नेटवर्क तोडा. व्हर्च्युअल मशीन असेल तर तिचं नेटवर्क कार्ड काढून घ्या आणि मशीन मेमरीसकट थांबवून स्नॅपशॉट घ्या.

काम अजून चालू असेल तर ‘टॉप’मध्ये संशयित प्रोसेस शोधा. तिला मारू नका. ‘किल’ला ‘स्टॉप’ हा सिग्नल देऊन गोठवा. एन्क्रिप्शन थांबतं आणि मेमरी जशीच्या तशी राहते, जिच्यात किल्ली असू शकते. मग ‘प्रॉक’ डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या क्रमांकाखालची ‘एक्झी’ ही फाईल बाहेर कॉपी करा. रॅन्समवेअर बरेचदा आपली मूळ फाईल डिस्कवरून पुसतं, पण प्रोसेस जिवंत असेतोवर ती या वाटेने परत मिळते. किल्ली कशी बनवली गेली हे तपासणाऱ्याला याच फाईलवरून कळणार असतं. ‘जीकोर’ने मेमरीचीही प्रत घ्या. प्रोसेस सापडतच नसेल आणि फायली डोळ्यांदेखत जात असतील, तर सरळ वीज तोडा. तेव्हा वाचलेल्या फायली मेमरीतल्या शक्यतेपेक्षा मोलाच्या.

आता वेळा जपायच्या. सरावाच्या मशीनवर एखाद्या फाईलवर ‘स्टॅट’ चालवून बघा: ‘मॉडिफाय’पुढे तारीख, वेळ आणि सेकंदांच्या पुढचे नऊ आकडे दिसतील. हे नऊ आकडे म्हणजे नॅनोसेकंद. हीच फाईल साध्या ‘सीपी’ने कॉपी करून प्रतीवर ‘स्टॅट’ चालवा. सगळी वेळ बदललेली असेल. लिनक्स एन्कोडर किंवा अकिराच्या तडाख्यात सापडलेल्या माणसाने घाबरून फायली अशा कॉपी केल्या आणि मूळ डिस्क फॉरमॅट केली, तर सुटण्याची वाट त्याने स्वतःच बुजवली. फायली हलवायच्याच असतील तर वेळा जपणाऱ्या पर्यायाने हलवा. सीपी आणि आरसिंक दोघांनाही ‘ए’ हा पर्याय आहे. त्याहून चांगलं म्हणजे फायलींना हात न लावता ‘डीडी-रेस्क्यू’ने पूर्ण डिस्कची प्रतिमा काढणं आणि पुढचे सगळे प्रयोग तिच्या दुसऱ्या प्रतीवर करणं. ती जोडताना फक्त वाचण्यापुरती जोडा. एक्सटी-४ असेल तर ‘नोलोड’ही द्या, नाहीतर नुसतं जोडतानाही जर्नलमधल्या, म्हणजे फाईल सिस्टमच्या नोंदवहीतल्या, अर्धवट नोंदी डिस्कवर लिहिल्या जाऊ शकतात. चिठ्ठी, लॉग, शेल हिस्टरी, क्रॉनच्या फायली काहीही साफ करू नका.

कंपनी किंवा संस्था असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं असतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही नोंदवा. याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवणं आणि घड्याळ एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रमाणवेळेशी, जुळवणं आहे. दुसरी पायरी वाचल्यावर हे घड्याळ किती कामाचं ते वेगळं सांगायला नको.

पायरी ८: किल्ली शोधणं, पैसे, आणि परत उभं राहणं

‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर चिठ्ठी आणि एक-दोन एन्क्रिप्टेड फायली देऊन प्रकार ओळखता येतो. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ते २०१६ मध्ये सुरू केलं. सोडवणूक मोफत असते. इंटरनेटवर ‘आम्ही हमखास उघडून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. प्रकार ओळखला की नेमकी आवृत्तीही तपासा. एका आवृत्तीचं साधन दुसऱ्या आवृत्तीवर चालवलं तर फायली आणखी बिघडतात. म्हणून आधी प्रत, मग प्रयोग.

पैसे द्यायचे का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं कारण निव्वळ तात्त्विक नाही. जानेवारी २०१७ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने किलडिस्क या रॅन्समवेअरच्या लिनक्स आवृत्तीचं विश्लेषण केलं. मागणी होती २२२ बिटकॉइनची, आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या ना मशीनवर साठवल्या होत्या ना कुठे पाठवल्या होत्या. पैसे घेणाऱ्याकडे द्यायला किल्लीच नव्हती. चिठ्ठी वाचून हा फरक कळत नाही.

बॅकअप असेल तर त्याच सर्व्हरवर तो ओतू नका. नवं मशीन, ताजी प्रणाली, सगळी अपडेट, मग डेटा. जुन्या मशीनवरचे सगळे पासवर्ड, एसएसएच किल्ल्या, डेटाबेस आणि एपीआयची गुपितं बदला. टीएलएस प्रमाणपत्रही नवं घ्या, कारण त्याची प्रायव्हेट की त्या मशीनवर होती. बॅकअपमधून कोडच्या फायली आणताना हल्लेखोराने आधीच पेरून ठेवलेली पीएचपी फाईल सोबत येऊ शकते. त्यामुळे कोड गिटमधून किंवा मूळ पॅकेजमधून घ्या, बॅकअपमधून फक्त डेटा आणि अपलोड घ्या, आणि अपलोडमध्ये चालू शकणारी एकही फाईल नाही ना ते बघा.

बॅकअप नसेल तर एन्क्रिप्टेड डिस्कची प्रतिमा फेकू नका. किल्ल्या नंतरही मिळतात. एफबीआयने जुलै २०२२ पासून हाइव्ह टोळीच्या यंत्रणेत शिरून किल्ल्या गुपचूप काढल्या आणि फटका बसलेल्यांना दिल्या. हे जाहीर झालं जानेवारी २०२३ मध्ये. डिस्कवर चिकटपट्टी लावून त्यावर हल्ल्याची तारीख, सर्व्हरचं घड्याळ कुठल्या टाइम झोनमध्ये होतं, फायलींना कोणतं शेपूट लागलं आणि चिठ्ठीच्या फाईलचं नाव काय, एवढं लिहा. रॅन्समवेअरची मूळ फाईल सापडली असेल तर पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये त्याच डिस्कवर ठेवा, आणि दर काही महिन्यांनी नो मोअर रॅन्समवर तेच नाव पुन्हा शोधून बघा.